काकू, माप वाढलंय का?

माप वाढलंय का हे मी का सांगत नाही, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ठाण्यात नौपाड्याला, गोखले रोडच्या एका गल्लीत, मी २७ वर्षं ब्लाऊज शिवते. टेप अंगाला लागायच्या आत निम्म्या जणी हाच प्रश्न टाकतात, "काकू, खरं सांगा, मागच्यापेक्षा वाढलंय का हो?" आणि विचारता विचारता पोट आत ओढून उभ्या राहतात. पंधरा वर्षांची मुलगी विचारते, सत्तरीच्या आजीही विचारतात. एकदा एक बाळंतीण दीड महिन्याचं बाळ बाकावर आईच्या मांडीवर देऊन आली, तिलाही तेच हवं होतं. अगं, तू आत्ता अख्खा माणूस जन्माला घातलास!

मी सांगत नाही. "बदललंय," एवढंच म्हणते आणि वही मिटते.

पूर्वी अशी नव्हते. मी मापं मोठ्यानं बोलायची आणि हाताखालची मुलगी लिहून घ्यायची. उंची चौदा, छाती चाळीस, कंबर छत्तीस. दुकान केवढं, तर दहा बाय बारा, त्यात बाकावर चार गिऱ्हाइकं. अकरावीतली एक मुलगी आईबरोबर आली होती, मामेबहिणीच्या लग्नासाठी पहिलाच ब्लाऊज. मी दंडाचं माप पुकारलं, "साडेपंधरा." आई म्हणाली, "ऐकलंस? आता तरी भात सोड." बाकावरची एक बाई हसली. मुलगी गप्प. ट्रायलला ती आलीच नाही, आई एकटी आली आणि म्हणाली, बाह्या मनगटापर्यंत करून द्या, ती उघड्या हातांनी जायला तयार नाही. मे महिना होता. ठाण्यातल्या मे महिन्यात मनगटापर्यंत बाह्या, त्याही अस्तर लावून. साडीतलं ब्लाऊजपीस पुरेना, तेव्हा जांभळी नाक्याला जाऊन मिळतं कापड शोधून आणलं. आईवर खापर फोडणं सोपं आहे, पण आकडा माझ्या तोंडून गेला होता. तेव्हापासून मापं मीच लिहिते, मुकाट्यानं.

दुसरं कारण माझ्या घरातलं आहे.

आमचे हे पाच फूट सहा इंच, वजन ६२ किलो. मी ७८. सोसायटीत, लग्नाकार्यात, सगळीकडे एकच वाक्य, "ह्यांनी बघा कसं मेंटेन केलंय!" आणि मग नजर माझ्याकडे. पंक्तीत मला जिलबी वाढताना वाढपी थबकायचा, ह्यांना मात्र आग्रह. पाच वर्षांपूर्वी ह्यांच्या ऑफिसात तपासणी झाली आणि साखर निघाली, तीन महिन्यांची सरासरी ८.२. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला, "पण हे तर बारीक आहेत!" एका वन्संनी तर तोंडावर विचारलं, "तुला नाही आणि त्याला कशी?"

आता गंमत ऐका. ह्यांच्या पँटी मीच सैल करून देत होते. आठ-दहा वर्षांत बत्तिसाचे छत्तीस झाले होते. हात-पाय काडीसारखे, गाल बसलेले, शर्ट बाहेर सोडलेला, त्यामुळे कुणाला दिसलंच नाही. टेप माझ्या हातात होती आणि मीही "वय झालं की होतंच" म्हणून मागची शिवण उसवत राहिले.

आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की यावर आपल्या पुण्यातच काम झालंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. २००४ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नियतकालिकात दोघांचा फोटोच छापून आला होता. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही याज्ञिकांनी मोजली. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनानं लहान, पण चरबी त्यामानानं राखून असलेली. म्हणजे वरून बारीक दिसणं आणि आतून ठीक असणं, या आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तो बीएमआयही मी मग वाचून काढला. वजन भागिले उंचीचा वर्ग, हे गणित बेल्जियमच्या केटले नावाच्या माणसानं १८३०च्या दशकात मांडलं. तो डॉक्टर नव्हता, गणिती होता आणि 'सरासरी माणूस' शोधत होता. मला २७ वर्षांत सरासरी गिऱ्हाईक भेटलेलं नाही. एक खांदा उतरलेला असतो, एक दंड जास्त भरलेला असतो, कुणाची छाती आणि पाठ दोन वेगळ्या बायकांची वाटावी अशी असते. राम मारुती रोडवरच्या एका दुकानातला एल शेजारच्या दुकानात एक्सएल होतो आणि बायका रडकुंडीला येऊन माझ्याकडे येतात. दोन दुकानांचं जमत नाही, त्यात तुमचा काय दोष?

पण सगळंच ठीक आहे, असंही मी म्हणणार नाही. माझे गुडघे जिना चढताना बोलतात. साखर नाही म्हणून मी फुशारकी मारली तर तीही वन्संचीच चूक, उलट्या बाजूनं. एक मात्र सांगते. ब्लाऊजची कंबर म्हणजे छातीखाली, जिथे ब्लाऊज संपतो ते माप. त्यावरून तब्येतीचं काही कळत नाही. डॉक्टरांची कंबर वेगळी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सहज सोडून. भारतीय बायकांत ८० सेंटिमीटर आणि पुरुषांत ९०, यापुढे गेलं की सावध व्हायचं. इंचांत साडेएकतीस आणि साधारण साडेपस्तीस. ते माप घरी घ्या, दार लावून. माझ्या बाकासमोर नको.

ह्यांचं आता बरं आहे. चहाबरोबरची खारी गेली, भात अर्धा झाला, भाजी दुप्पट झाली आणि संध्याकाळी मासुंदा तलावाला फेऱ्या सुरू झाल्या. चिया-बिया काही आणलं नाही. गंमत म्हणजे ह्यांच्या ताटातलं कुणी मोजत नाही. मी खिचडीवर तूप घेतलं की चार डोळे वर होतात.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे नवरी. "काकू, तोपर्यंत पाच किलो जाणारेत, तुम्ही दीड इंच आतच शिवा." गेल्या लगीनसराईत एक जण सूप आणि काकडीवर होती. ट्रायलला हुक लावता लावता तिला घेरी आली. खुर्चीत बसवलं, समोरच्या गाडीवरून केळी आणली. बरोबरची मावशी तेवढ्यात म्हणते कशी, "पण गाल किती छान आत गेलेत!" असं झपाट्यानं उतरतं त्यात पाणी आणि स्नायूही जातात, हे त्या मावशीला सांगून मी थकले.

म्हणून मी आजच्याच मापानं शिवते. दोन्ही बाजूंना आत दीड-दीड इंच दाब ठेवते. कमी झालात तर टीप मारून देईन, भरलात तर टीप उसवून देईन. दहा मिनिटांचं काम आहे, पैसे घेत नाही. पण कापड आधीच कापून टाकलं तर मला ते वाढवता येत नाही.

मार्गशीर्षाच्या तारखा भरत आल्यात. माप द्यायला याल तेव्हा पोट आत ओढू नका, श्वास सोडा. नाहीतर दुसऱ्या दिवशी "काकू, हुक लागत नाही" म्हणून तुम्हीच परत येता.