मिनेसोटा: मिनियापोलिसच्या पुढे

मिनियापोलिसला मुलांकडे आलेली आपली मंडळी मॉल ऑफ अमेरिका बघतात, फार तर सुपीरियर सरोवराकाठच्या डुलुथ बंदराला धावती भेट देतात. आम्ही आधी इटास्का तळं, मग हिबिंग हे खाणींचं गाव आणि शेवटी डुलुथ केलं. हाच क्रम ठेवा.

इटास्का गाडीने साडेतीन-चार तासांवर. तळ्याच्या काठी धोंड्यांची रांग, त्यावरून निसटणारं गुडघाभर पाणी, आणि ती म्हणे मिसिसिपी! पोरंसोरं चालत पार करतात. धोंडे शेवाळाने निसरडे आहेत, मागे पट्टा असलेल्या चपला घाला. 1832 साली हेन्री स्कूलक्राफ्टने उगम 'शोधला' असं सांगतात. त्याला इथवर आणणारा ओझाविंडिब हा ओजिब्वे, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी होता, त्याला जागा ठाऊकच होती. आजचं देखणं रूपही 1930च्या दशकात मुद्दाम घडवलेलं. जूनमध्ये डास जीव नकोसा करतात आणि गवतात गोचिडी असतात. सप्टेंबर उत्तम.

हिबिंग बहुतेक जण गाळतात, आणि तिथेच खरी गंमत आहे. हल-रस्ट ही लोखंडाची उघडी खाण इतकी अफाट की तळातले अजस्र ट्रक खेळण्यातले वाटतात. खनिज गावाखालीच निघालं, म्हणून 1919 पासून घरं, हॉटेलं ओंडक्यांवरून सरकवत गावच दोनेक मैल दक्षिणेला नेलं. खाणींच्या कराच्या पैशातून बांधलेल्या हायस्कूलच्या सभागृहात काचेची झुंबरं आहेत! खाण बघायची जागा हंगामीच उघडी असते, आधी चौकशी करा. जवळच्या एका टेकडीवरचं पाणी तीन वाटांनी जातं: हडसन उपसागर, सुपीरियर सरोवर आणि मेक्सिकोचं आखात.

इथलं खनिज रेल्वेने सुपीरियरच्या बंदरांवर आणि तिथून बोटींनी पोलाद कारखान्यांकडे जातं. डुलुथचा 1905चा पूल 1930 पासून बोटींसाठी वर उचलला जातो. बोटींच्या वेळा ऑनलाइन बघून जा. बोट भोंगा वाजवते, पूल उत्तर देतो, आणि हजार फुटी धूड अगदी हाताशी येऊन सरकत जातं. जुलैतही जाकीट हवंच. हाताशी दिवस असेल तर तासाभरावरचं 1910चं स्प्लिट रॉक दीपगृहही करा.

वाइल्ड राइस म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या एका गवताचे दाणे. शाकाहारींनी त्याचं सूप मागवताना विचारावं, त्यात बहुधा चिकन असतं. हा 'तांदूळ' घरी न्यायचा तर ओजिब्वे लोकांनी तळ्यातून हाताने काढलेला घ्या. महाग पडतो, पण लवकर शिजतो. काळाकुळकुळीत दिसतो तो बहुतेक शेतातला, त्याला पाऊण तास लागतो.