डिझेल कोणाचं, जहाज कोणाचं
मावसभाऊ मुंबई हायला, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्रात, सप्लाय जहाजावर इंजिनीयर आहे, सुट्टीवर नागपूरला आलाय, आज धरमपेठेत तर्री पोहे खाता खाता सांगून राहिला होता की रिगजवळ (तेल काढायच्या समुद्रातल्या प्लॅटफॉर्मजवळ) नांगर टाकत नाहीत, कॉम्प्युटर थ्रस्टर, म्हणजे जहाज ढकलणारे विजेवरचे पंखे, चालवून जहाज जागेवर धरून ठेवतो, अन् ऐनवेळी जनरेटर बंद पडून रिगवर आदळू नये म्हणून एकाचं काम असलं तरी दोन-तीन चालूच, तेही कमी लोडवर, म्हणजे डिझेल जास्त अन् काजळी वेगळीच. नॉर्वेवाल्यांनी २०१३ मध्येच वायकिंग लेडी जहाजावर बॅटरी बसवली. बॅकअप बॅटरीचा, मग जास्तीचा जनरेटर बंद! पण भाड्याच्या करारात डिझेलचा खर्च बहुतेक वेळा भाड्यानं घेणाऱ्या कंपनीचा असतो, मग मालक स्वतःच्या खिशातून बॅटरी कशाला बसवेल बा? खरी गोम इथंच आहे असं मला तरी वाटते.