दीड किलोचा हट्ट

माझा जुना लॅपटॉप सव्वादोन किलोचा होता आणि त्याने माझ्या उजव्या खांद्यावर असा काही हक्क प्रस्थापित केला होता की, सॅक उतरवून ठेवल्यानंतरही तो खांदा बराच वेळ आज्ञाधारकपणे खाली झुकलेला असे. म्हणूनच नवा घेताना मी मनाशी एक अट पक्की केली: त्यावर गेम चालले पाहिजेत, पण वजन दीड-पावणेदोन किलोच्या वर जाता कामा नये. ही अट ऐकायला साधी वाटते. प्रत्यक्षात ती पैलवानाने सायकलच्या कॅरिअरवर बसून यावे, अशी अपेक्षा करण्यासारखी आहे.

हा हट्ट माझ्या एकट्याचा नाही, एवढाच काय तो दिलासा. २०१० साली एलियनवेअर या गेमिंग लॅपटॉपच्या ब्रँडने अवघ्या ११.६ इंची स्क्रीनचा एम११एक्स हा लॅपटॉप काढला, तेव्हा त्याचे वजन दोन किलोच्या आसपास होते. पुढे २०२० मध्ये आसुस कंपनीचा झेफिरस जी१४ आला, तो १४ इंचांचा आणि सुमारे १.६ किलोचा, मात्र त्या पहिल्या आवृत्तीत कॅमेराच नव्हता. जगातली निम्मी माणसे घरी बसून एकमेकांना पडद्यावर पाहू लागली, नेमके तेच हे वर्ष, त्यामुळे ही काटकसर जरा जास्तच डोळ्यांत भरली.

निवड करायला बसल्यावर मी पहिली चूक केली ती नावांवर विसंबण्याची. ग्राफिक्स कार्डाचे, म्हणजे गेमची चित्रे रंगवणाऱ्या भागाचे, नाव तेच असेल, तर जाड लॅपटॉप घ्या नाहीतर सडपातळ, गेम सारखाच चालेल, अशी माझी भाबडी समजूत होती. लॅपटॉपमधले आरटीएक्स ४०६० हे कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर चालवण्याची मुभा बनवणाऱ्याला असते, हे मला बऱ्याच उशिरा कळले. वीज जितकी जास्त, तितका वेग जास्त. आणि अर्थातच तितकी उष्णताही. छोट्या देहात ती उष्णता बाहेर काढायला जागा नसते, म्हणून वीजच आखडती दिली जाते. झाकणाजवळचा स्टिकर मात्र दोन्हीकडे सारखाच चकाकतो. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ वॅटच्या आकड्यात सापडेल असे वाटले नव्हते.

ही कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने २०१७ मध्ये अशा सडपातळ लॅपटॉपांसाठी 'मॅक्स-क्यू' हे नाव आणले, ते अंतराळशास्त्रातून उसने घेतलेले आहे. रॉकेट वर जात असताना हवेचा दाब ज्या क्षणी त्याच्यावर सर्वाधिक असतो, त्या क्षणाला हे नाव आहे. मला ते फार समर्पक वाटते, कारण माझा लॅपटॉप गेम सुरू होताच खरोखरच उड्डाणाच्या तयारीत असल्यासारखा आवाज करतो. तो आवाज आधी बारीक शिट्टीसारखा असतो, मग दोन-तीन मिनिटांत त्याला घोगरेपणा येतो, आणि शेजारच्या खोलीतून 'काय चाललंय?' अशी विचारणा झाली की समजावे, प्रोसेसर नव्वद अंशांच्या पुढे गेला आहे. एक गंमत अशी की, गेममध्ये पुढे चालण्यासाठी जे बटण सतत दाबून धरावे लागते, ते डब्ल्यूचे बटण तापलेल्या भागाच्या बरोबर वर येते. अर्ध्या तासाने मधल्या बोटाचे टोक असे कोमट होते, की जणू ते चहाच्या कपाला टेकवून ठेवले आहे. उजवा हात मात्र माउसवर थंडगार.

यावर माझा घरगुती उपाय म्हणजे मागच्या कडेखाली दोन खोडरबर ठेवणे. हवा खालून आत ओढली जाते आणि टेबलाला पोट टेकवून बसलेल्या लॅपटॉपला ती पुरेशी मिळत नाही. बोटभर उंची मिळाली की पंख्यांचा त्रागा निश्चित कमी होतो. दुसरा उपाय म्हणजे फ्रेमची, अर्थात पडद्यावर एकामागून एक उमटणाऱ्या चित्रांची, संख्या सेकंदाला ६० वर रोखणे. स्क्रीन १६५ दाखवू शकते म्हणून कार्डाने प्रत्येक गेममध्ये तिथवर धापा टाकत जावे, असे काही नाही.

स्क्रीनच्या बाबतीत माझे मत थोडे जुनाट वाटेल. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या स्क्रीनवर साधारण २१ लाख ठिपके असतात, तर २५६० गुणिले १६०० च्या स्क्रीनवर जवळजवळ ४१ लाख. म्हणजे त्याच दमलेल्या कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये सुमारे दुप्पट ठिपके रंगवावे लागतात, आणि तेही १४ इंचांत, जिथे हा फरक पाहायला मला चष्मा पुसून पुढे वाकावे लागते. रॅमबद्दल, म्हणजे चालू कामासाठीच्या स्मृतीबद्दल, मात्र कंजुषी करू नये. अशा अनेक लॅपटॉपांत ती मदरबोर्ड या मुख्य सर्किटपट्टीवरच सोल्डर केलेली असते, पुढे वाढवता येत नाही.

बॅटरीचे गणित तर अगदीच सरळ आहे. या आकारात साधारण ७० ते ७५ वॅट-तासांची बॅटरी बसते. गेम शंभर वॅट खेचू लागला तर पाऊण तासात ती रिकामी होणार. तसे होऊ नये म्हणून चार्जर काढताच लॅपटॉप स्वतःच शक्ती कमी करतो, आणि मघापर्यंत धावणारा नायक चिखलातून चालल्यासारखा चालू लागतो. थोडक्यात, गेम खेळायचा तर चार्जर सोबत हवाच.

हा चार्जर मी नव्या लॅपटॉपसोबत पहिल्याच दिवशी घरच्या वजनकाट्यावर ठेवला. लॅपटॉप १.६५ किलो, आणि त्याचा दोन वायरींचा, विटेसारखा ठोकळा ७०० ग्रॅम. एकूण २.३५ किलो. खांद्यावरून उतरवलेले वजन सॅकच्या बाजूच्या कप्प्यात जाऊन बसले होते. जुन्या लॅपटॉपलाही तेवढाच जड चार्जर होता, हे मी त्या क्षणी सोयीस्करपणे विसरलो आणि दिवसभर फसवणूक झाल्याच्या चेहऱ्याने वावरलो.

आता वीट घरीच टेबलाखाली असते. प्रवासात १०० वॅटचा यूएसबी-सी चार्जर नेतो, तो जेमतेम पाव किलोचा आहे. त्यावर मोठे गेम पूर्ण वेगाने चालत नाहीत, म्हणून सेटिंग उतरवून ठेवतो. आणि खरे सांगायचे तर गेल्या तीन प्रवासांत मी त्यावर बुद्धिबळच खेळलो आहे. पंखा एकदाही सुरू झाला नाही.