राउटर मेलेला नसतो

शनिवार, रात्री साडेअकरा

दुपारी राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी या खुल्या फर्मवेअरची, म्हणजे राउटर चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरची, नवी आवृत्ती चढवली आणि संध्याकाळपर्यंत घरात एकच ओरड, "वायफाय गेलं!" अण्णांचं कीर्तन मध्येच अडकलं. लेक येऊन उभी राहिली, "बाबा, उद्या प्रोजेक्ट द्यायचाय मला." आमच्या सिडकोत अशा वेळी सल्ला ठरलेला असतो, एमजी रोडला जा आणि नवा घेऊन या. मला तो कधीच पटला नाही. फर्मवेअर बदलल्यावर गप्प बसलेला राउटर बहुतेक वेळा धडधाकट असतो. नेमकं कुठं अडलंय, ते क्रमानं शोधावं लागतं, एवढंच.

आधी दिवे बघितले. पॉवरचा दिवा थोडा वेळ लुकलुकला आणि मग स्थिर झाला, म्हणजे आतली लिनक्स ही कार्यप्रणाली पूर्ण उठली होती. वायफाय बंद असणार हे मला ठाऊकच होतं. या नव्या आवृत्तीत पोर्टची मांडणी बदलली आहे, त्यामुळे जुनी सेटिंग सोबत नेता येत नाही, कोऱ्या पाटीवरून सुरुवात करावी लागते. आणि कोरं फर्मवेअर वायफाय सहसा मुद्दाम बंदच ठेवतं, म्हणजे पासवर्ड नसलेलं नेटवर्क अख्ख्या गल्लीला खुलं राहत नाही. मला हा विचार फार आवडतो.

लॅपटॉप केबलनं जोडला, १९२.१६८.१.१ वर राउटरचं पान उघडलं, वायफाय चालू करून पासवर्ड घातला. फोन जोडले गेले, पण इंटरनेटचा पत्ता नाही. वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटकडच्या बाजूच्या, रकान्यात बघितलं तर भिंतीवरच्या फायबरच्या डब्याकडून मिळालेला पत्ताही १९२.१६८.१ नेच सुरू होणारा, आणि त्या डब्याचा स्वतःचा पत्ता पुन्हा १९२.१६८.१.१! एकाच गल्लीत एकाच नंबरची दोन घरं असली तर पोस्टमननं जायचं कुठं? बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट राउटर स्वतःकडेच वळवत होता. जुन्या सेटिंगमध्ये मी लॅनचा, म्हणजे घरातल्या नेटवर्कचा, पत्ता वेगळा ठेवला होता, तो कोऱ्या पाटीबरोबर पुसला गेला.

लॅनचा पत्ता १९२.१६८.१०.१ केला. इथं एक खुबी आहे. असा बदल केल्यावर पान ९० सेकंद वाट बघतं, तेवढ्यात आपण नव्या पत्त्यावरून पोचलो नाही तर राउटर जुनी सेटिंग आपणहून परत आणतो. लॅपटॉपची केबल काढून पुन्हा लावली, नवा पत्ता मिळाला, पान उघडलं. आतल्या खोलीतून अण्णांचे टाळ ऐकू आले.

वेग मात्र कमी वाटत होता. कंपनीचं फर्मवेअर डेटाची पॅकेट, म्हणजे छोटे तुकडे, पुढे ढकलायचं काम खास हार्डवेअरवर सोपवतं, इथं ते बऱ्याचदा प्रोसेसरवर पडतं. फायरवॉलमध्ये सॉफ्टवेअर फ्लो ऑफलोडिंग (सुरू असलेल्या जोडणीची पॅकेट जवळच्या वाटेनं पाठवायची सोय) चालू केलं, फरक लगेच जाणवला. वायफायच्या लहरींचे नियम देशागणिक वेगळे असतात, म्हणून तिथं देश म्हणून भारत निवडला.

खालच्या मजल्यावरच्या काकांची गोष्ट याहून अवघड होती. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या राउटरचं अपडेट चालू असतानाच वीज गेली. "आता हा भंगारातच," असं म्हणून त्यांनी तो पिशवीत भरलाही होता. म्हटलं, "काका, थांबा, बूटलोडर जिवंत असेल." बूटलोडर म्हणजे फर्मवेअरच्या आधी उठणारा छोटा प्रोग्राम. त्यांच्या मॉडेलमध्ये त्याला टीएफटीपीची, म्हणजे केबलवरून फाइल ओढून घ्यायची, सोय होती. लॅपटॉपला हातानं पत्ता दिला, कंपनीची फाइल ठरलेल्या नावानं ठेवली, रीसेटचं बटण दाबून धरून राउटर चालू केला. त्यानं फाइल स्वतःच ओढून घेतली. काकांचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून मी इन्व्हर्टरवर असल्याशिवाय फर्मवेअरला हात लावत नाही.

लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरचा सोर्स कोड २००३ मध्ये खुला झाला आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. माझ्या राउटरच्या कंपनीनं अपडेट देणं केव्हाच थांबवलं. ज्यांना मी कधी भेटणार नाही अशी माणसं मात्र त्याच डब्यासाठी आजही सुरक्षेच्या दुरुस्त्या लिहितात, फुकट. त्यांच्याबद्दल मनात खरोखर आदर आहे.

सगळं लागल्यावर सेटिंगचा बॅकअप काढून पेनड्राइव्हवर ठेवला आणि नवा पत्ता स्टिकरवर लिहून राउटरच्या पाठीला चिकटवला. गच्चीच्या खोलीत सिग्नल अजून कमी येतो, वायफायचं चॅनल (लहरींचा पट्टा) उद्या बघतो.