न मेल्याचं दुःख

माझा चुलतभाऊ पॉवरलूमवाला. सूत उधारीवर उचलतो, टॉवेलचा माल बाहेरगावच्या पार्टीला नुसत्या फोनवर पाठवतो, पेमेंट येईल तेव्हा येईल, आणि रात्री घोरत झोपतो. तोच माणूस विम्याचं नाव काढलं की एकदम गॅरंटीवाला होतो. टर्म प्लॅनचं, म्हणजे मुदतीत मेलं तरच घरच्यांना पैसे देणाऱ्या विम्याचं, सांगितलं तर पहिला प्रश्न, "आणि मेलो नाही तर पैसे वाया की बे?" म्हटलं दादा, न मेल्याचं दुःख करणारा तू पहिलाच. हसला आणि सही मनीबॅकवरच केली, म्हणजे जगलं तरी अधूनमधून पैसे परत देणाऱ्या पॉलिसीवर. तेवढ्याच हप्त्यात टर्मला कितीतरी पट कव्हर बसतं हे त्याला कळत नाही असं नाही, टॉवेलमागं पैसा न पैसा मोजणारा गडी आहे, पण खिशातून गेलेला हप्ता दिसतो, मरण कुठं दिसतं.

कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं होतं की मिळाल्याच्या आनंदापेक्षा गेल्याचं दुःख जास्त टोचतं. मग लोकांनी धडाधड विमा काढायला पाहिजे ना? पण इथं हप्त्यालाच लोक नुकसान समजतात.

बरं, धोका डोळ्यासमोर आला की मात्र पळापळ. मे 2025 मध्ये सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले, त्यानंतर आमच्याकडं ज्याच्या त्याच्या तोंडी वायरिंग आणि आगीचा विमा. दादानं पण एजंट बोलावला. मशीनचा विमा होता (बँकेनं लोन देताना घ्यायला लावलेला, स्वतःहून कशाला काढतोय), सुताच्या साठ्याचा नव्हता. दिवाळीपर्यंत ते कोटेशन गल्ल्यातल्या बिलांखाली गेलं.

उलट आमच्या गल्लीतल्या विड्या वळणाऱ्या मावशी. खात्यातून वर्षाला 20 रुपये अपघात विम्याचे आणि 436 जीवन विम्याचे कटतात, दोन्हीकडं 2 लाखाचं कव्हर. पैसे वाया जातात असं वाटत नाही का विचारलं तर म्हणाल्या, "माझं काय झालं तर पोरीनं कुणाकडं बघायचं रं?" दादाकडं जागा आहे, सोनं आहे, भाऊ आहेत, त्यामुळं त्याला बिनधास्त राहणं परवडतं हे माझं स्पष्ट मत.

सप्टेंबर 2025 मध्ये वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी गेला तेव्हा दादाचाच फोन. "अठरा टक्के सुटले म्हणे, तुझ्या त्या टर्मचा रेट काढ बरं."