रामजन्माची घटका

आमच्या पेठेतल्या जुन्या राममंदिरात दर वर्षी घड्याळात बाराचा ठोका पडला की राम जन्माला येतो, आणि त्या ठोक्याबद्दल माझ्या मनात गेली काही वर्षे एक तक्रार आहे. हनुमानाचा जन्म सूर्योदयाला, दत्ताचा सांजवेळी, कृष्णाचा मध्यरात्री आणि रामाचा भर दुपारी, अशी आपल्याकडे प्रत्येक देवाची घटका ठरलेली आहे. मात्र ती सूर्यावरून ठरली आहे, भिंतीवरच्या काट्यांवरून नव्हे. दिवसाचे पाच भाग केले तर तिसरा तो मध्यान्ह, आणि या मध्यान्ही नवमी असेल तो दिवस रामनवमीचा धरतात. वाल्मीकींनी रामजन्माच्या वेळी पाच ग्रह उच्चीचे आणि लग्न, म्हणजे पूर्वेला उगवणारी रास, कर्क सांगितले आहे. परंपरेने त्या पाचांत मेषेचा सूर्य धरतात, आणि मेषेत सूर्य असताना कर्क रास उगवते ती सूर्य डोक्यावर येण्याच्या सुमारास. आपली प्रमाणवेळ मात्र साडेब्याऐंशी रेखांशाची. पुणे तिच्या पुष्कळ पश्चिमेला असल्यामुळे एप्रिलच्या सुरुवातीला येथे सूर्य माथ्यावर येईपर्यंत बारा वाजून पस्तीस मिनिटे होऊन गेलेली असतात. प्रमाणवेळ १९०६ साली आली. त्याआधी गावोगावी स्थानिक वेळ पाळली जात असे, तेव्हा बाराचा ठोका आणि डोक्यावरचे ऊन यांत एवढी फारकत नव्हती.

हे मी एकदा विश्वस्तांना सांगून पाहिले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ताई, बाराला जन्म झाला तरच एकपर्यंत प्रसाद आटोपतो." याला उत्तर नाही.

खरी कसरत असते ती कीर्तनकारबुवांची. पूर्वरंग, म्हणजे कथेआधीचे निरूपण, ते आटोपशीर ठेवतात. उत्तररंगात पुत्रकामेष्टी यज्ञ आणि पायसाची वाटणी झाली की कौसल्येच्या डोहाळ्यांपाशी येऊन त्यांची नजर समोरच्या घड्याळाकडे जाते. अजून दहा मिनिटे असतील तर कौसल्येला आणखी एक डोहाळा लागतो, आणि दोनच उरली असतील तर बिचारीचे नऊ महिने एका ओवीत सरतात. मग पडदा बाजूला होतो, शंख आणि घंटा यांचा एकच गजर उठतो, गुलालफुले उधळली जातात, आणि कुंची घातलेला नारळ पाळण्यात ठेवून त्याची दोरी बायकांच्या हातांतून पुढे सरकू लागते.

गेल्या वर्षी बुवांना दुसऱ्या मंदिरातले कीर्तन संपवून येताना उशीर झाला. ते उभे राहिले तेव्हा साडेअकरा वाजले होते, आणि त्यांनी एकही पायरी गाळली नाही. बारा वाजले तेव्हा दशरथ ऋष्यशृंगांना आणायला निघाला होता. मागच्या रांगेतल्या काकू "वेळ टळली हो" म्हणून हळहळल्या, विश्वस्त खांबाआडून खुणा करत राहिले, आणि बुवा डोळे मिटून गात राहिले. पाळणा हलला तेव्हा सव्वाबारा केव्हाच उलटून गेले होते.

दोरी ओढून झाल्यावर मी गर्दीतून अंगणात आले. आमचे मंदिर पूर्वाभिमुख असल्यामुळे अंगणातल्या शहाबादी फरशीच्या सांधी बरोबर दक्षिणोत्तर गेल्या आहेत. तुळशीवृंदावनाची सावली वीतभर उरली होती आणि तिची कड एका सांधीला जवळजवळ मिळालेली होती. चप्पल सभामंडपाच्या दाराशी राहिल्याने पाय भाजत होते, तरीही ती कड सांधीवर नेमकी येईपर्यंत मी उभी राहिले.

तेवढ्यात मघाच्या काकूंनी माझ्या तळहातावर सुंठवडा ठेवला. सुके खोबरे, खसखस, खारीक आणि पिठीसाखर यांच्यात सुंठेचा हात त्या वर्षी सैल सुटला होता. बाळंतिणीचे औषधच ते, तिखट असणारच. मला ठसका लागला. "सगळा खा, टाकू नकोस," त्या म्हणाल्या, "उशीर झाला तरी प्रसाद रामाचाच आहे." मी त्यांना सावली दाखवायला वळले, तेव्हा ती सांध ओलांडून पलीकडे सरकली होती.