जिन्यावरून नेता येईल एवढंच

रविवार, रात्री

दुपारभर पावसाची रिपरिप. खालच्या खोलीत वजनकाटा घेऊन बसलो होतो. काटा स्वयंपाकघरातला, न विचारता आणलेला. आठ मिलीमीटर जाडीचे, चाळीस लांबीचे दहा बोल्ट ठेवले, दोनशे ग्रॅमच्या आसपास भरले. म्हणजे शंभर नगांचा डबा दोन किलोचा. एरवी ही युक्ती नग मोजायला वापरतो: दहा तोलायचे, मग सगळा माल तोलायचा आणि भागाकार करायचा. आज मात्र नग मोजायचे नव्हते. पूर आला तर आपल्याच्यानं किती वजन वर नेववेल, ते बघायचं होतं.

आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या आणि मध्ये एक वळण. माझा उजवा गुडघा नवव्या पायरीला बोलायला लागतो.

आमचं घर सांगलीच्या गावभागात, त्यामुळं कृष्णा नदी आमच्याकडं पाहुणी येते तेव्हा आधी खालच्या खोलीत बसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथं ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका. पाणी वाढतंय म्हटल्यावर आम्ही टीव्ही वर नेला, तांदळाचं पोतं नेलं, सिलिंडर, घराची कागदपत्रं, लग्नातल्या साड्यांची ट्रंक. नटबोल्टांकडं कुणी बघितलं नाही, मीही नाही. लोखंड ते, त्याला काय होतंय, असं म्हणून दाराला कडी लावली. पुढं गच्चीवरून बोटीत उतरून मिरजेला मेहुण्याकडं गेलो.

परत आल्यावर दार उघडेना. आत गाळ साचला होता, बोटं रुतावीत असा मऊ. त्याचा वास अजून कधीतरी पावसाळ्यात भिंतीतून येतो. पन्नासएक डबे होते माझे. दुधाच्या पावडरीचे, बिस्किटांचे, वडिलांचा एक डालड्याचा. प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी, माझ्या अक्षरात, फेव्हिकॉलनं डकवलेली. एक चिठ्ठी शिल्लक नव्हती. डालड्याचा डबा उचलला तर तळ खालीच राहिला आणि आतला माल गुळाच्या ढेपेसारखा एकसंध बाहेर आला. त्यात वडिलांनी तीस वर्षं जमवलेले सुती बोल्ट होते. इंचाचे आठ सूत, त्या हिशेबातले. दोन सुती, अडीच सुती, तीन सुती.

एक गंमत मात्र त्या दिवशी कळली. प्लॅस्टिकच्या बरण्या जागेवर नव्हत्या. ज्यांची झाकणं घट्ट होती आणि माल हलका होता, त्या तरंगत माळ्यापर्यंत गेल्या होत्या आणि पाणी उतरताना मिळेल तिथं टेकल्या होत्या. रबरी ओ-रिंगांची बरणी पंख्याच्या पात्यावर सापडली. आत थेंब नाही. अर्धा लिटरच्या बरणीत चारशे ग्रॅमपर्यंतच माल असेल तर ती बुडत नाही, हा हिशेब शाळेतच शिकलो होतो. पटला तो पंख्याकडं वर बघताना.

मग महिनाभर तोच उद्योग. आधी भरपूर साधं पाणी, कारण गाळ असताना तेल लावून काही उपयोग नाही. मग वाळवणं, मग डिझेलमध्ये बुडवणं. रॉकेल आता मिळतंय कुठं. रव्याची चाळणी त्यात गेली ती कायमची माझी झाली. स्टेनलेस स्टीलचं सगळं धुतल्यावर पुन्हा चकाकलं. पितळेचं ही म्हणाली, "द्या इकडं," आणि देवाची उपकरणी घासावीत तसं चिंचेच्या कोळानं घासून दिलं. रबरी वायसर बचावले. बेअरिंगं सगळी टाकली. दोन्हीकडून रबरी सील असलेली, कोरी, पाकिटातलीसुद्धा. धूळ अडवण्यापुरतीच ती सील असतात, आठवडाभर गाळाखाली राहिल्यावर काय करणार. हातात धरून फिरवली की करकर करायची. साधे लोखंडी मोळे आणि स्क्रू किलोच्या भावानं भंगारात घातले. भंगारवाला त्या आठवड्यात आमच्या गल्लीत चार वेळा आला होता.

नोकरीत मी टूलरूमला होतो. तिथली शिस्त म्हणजे मापाप्रमाणं कप्पे. सहाच्या शेजारी आठ, आठच्या शेजारी दहा, त्यात पुन्हा लांबी चढती. कारखान्यात ते बरोबरच, तिथं जिना चढायचा नसतो. घरीही मी वर्षानुवर्षं तेच केलं आणि बघणाऱ्यानं वा म्हणावं इतकं देखणं केलं. पण पाणी वाढायला लागल्यावर त्या देखण्या मांडणीतून आधी काय उचलायचं, ते कळत नाही. हाताशी आहे तेच आधी उचललं जातं, आणि हाताशी नेहमी सगळ्यात स्वस्त माल असतो.

म्हणून आता मापाप्रमाणं लावत नाही. गेलं तर पुन्हा मिळेल का, एवढंच विचारतो. गणपती पेठेत जाऊन किलोनं आणता येईल ते सगळं जमिनीलगतच्या फळीवर. मोळे, वायसर, आठचे-दहाचे बोल्ट. पाणी आलं तर ते नदीचं. जे मिळत नाही ते फळांच्या चार क्रेटमध्ये, खांद्याच्या उंचीवर. जुन्या शिलाई मशिनचे बारीक स्क्रू, आता न मिळणाऱ्या मिक्सरचे कार्बन, एलन कीचे ग्रब स्क्रू आणि त्या डालड्याच्या ढेपेतून छिन्नी-हातोडीनं सुटे केलेले, तेल पाजून वाचवलेले वडिलांचे नट. क्रेटमागं बारा किलो, जास्त नाही. आज काट्यावर एक क्रेट चौदा भरला. दोन किलो काय काढायचं यावर तासभर गेला आणि शेवटी काहीच काढलं नाही.

चिठ्ठ्याही बंद केल्या. बरणीच्या झाकणाला मधोमध भोक पाडायचं, आत असेल त्यातलाच एक बोल्ट खालून वर घालायचा, दोन्ही बाजूंना रबरी वायसर लावून वरून नट आवळायचा. बरणीत काय आहे ते झाकणच सांगतं, बोटांनासुद्धा. लाईट गेल्यावर तर फारच उपयोगी. आणि लाईट आधी जाते, पाणी नंतर येतं.

सोमवार

सकाळी सातला गिरणीवाला पोरगा आला, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"काका, अडीच सुतीचा नट हाय का? आठचा लावून बघितला. दोन आटे जातोय आन् अडकतोय."

"मग पाना लावून ओढलास काय?"

"थोडा."

थोडा म्हणजे किती ते बोल्ट बघूनच कळलं, आटे चेपले होते. अडीच सुती आणि आठ मिलीमीटर नजरेला सारखेच, पण सुतीला इंचात अठरा आटे आणि आठच्याला सव्वा मिलीमीटरला एक. आट्यांचा कोनही वेगळा, सुतीचा ५५ अंशांचा, मिलीमीटरवाल्याचा ६०. पहिले दोन आटे दोघं एकमेकांना सांभाळून घेतात, मग पटत नाही. त्याची गिरणी आजोबांच्या वेळची, पट्ट्याच्या जाळीला अजून तेच जुने बोल्ट.

झाकण चाचपलं, बरणी मिळाली. कानशीनं त्याच्या बोल्टाचे आटे सरळ करून दिले आणि नट हातानं फिरवला. गेला सरळ. आतून थोडा काळा, गाळाचा की तेलाचा, सांगता येत नाही.

"किती द्यायचे?"

"दळण नीट दे. परवाच्या भाकरीत कचकच होती."

तो हसून गेला. बरणीत आता अकरा राहिले.

दुपारी ही खाली डोकावली. "अहो, काटा कुठाय? पोह्यांचं माप घ्यायचंय." काटा दिला, पुसून. तिनं चौदा किलोच्या क्रेटकडं बघितलं, माझ्या गुडघ्याकडं बघितलं आणि काही बोलली नाही. कोयनेतून पाणी सोडणार असल्याचा मेसेज आला आहे. आयर्विनजवळ पातळी अजून चाळिशीच्या बरीच खाली आहे, घाई काही नाही. तरी संध्याकाळी चहा घेऊन खाली आलो तर क्रेट पाचव्या पायरीवर होता.